गोळीमागचे डॉक्टर: जॉन रॉक

गर्भनिरोधक गोळ्यांचे पाकीट आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले असते. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी ‘माला-एन’ घ्या. त्यात २१ पांढऱ्या गोळ्या असतात आणि ७ तपकिरी. पांढऱ्या गोळ्यांत हार्मोन असतात, तपकिरींत नुसते लोह. तपकिरी गोळ्या चालू झाल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते. बहुतेक बायकांना ही आपली नेहमीचीच पाळी वाटते, पण ती तशी नसते. त्या महिन्यात अंडाशयातून बीज सुटलेलेच नसते. हार्मोन अचानक थांबल्यामुळे गर्भाशयाचे अस्तर गळून पडते, एवढेच. हा खंड ठेवलाच पाहिजे असे वैद्यकीय कारण नाही. ब्रिटनमधील लैंगिक व प्रजनन आरोग्याच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ साली तसे स्पष्टच सांगितले. मग तो ठेवला कोणी आणि कशासाठी?

याचे उत्तर शोधायला अमेरिकेतील बॉस्टन शहरात, एका स्त्रीरोगतज्ज्ञाच्या खोलीत जावे लागते. डॉ. जॉन रॉक त्यांचे नाव. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ शिकवले. उंच, रुपेरी केसांचे, पेशंटसाठी स्वतः उठून दार उघडणारे, गरीब बाईलाही आडनावाने आदराने हाक मारणारे. रोज सकाळी सातच्या मिस्सेला हजर राहायचे आणि कामाच्या टेबलावरच्या भिंतीवर क्रूस लावलेला असायचा. असा कडवा म्हणावा इतका श्रद्धाळू कॅथलिक माणूस जगातल्या पहिल्या गर्भनिरोधक गोळीचा डॉक्टर झाला, आणि त्यापायी धर्मपीठाशी त्याची गाठ पडली.

रॉक यांचा जन्म २४ मार्च १८९० रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मार्लबरो या छोट्या गावी झाला. घर आयरिश वंशाचे, कॅथलिक. जुळे भावंड होते, बहिणीचे नाव नेल. लहानपणीचा एक प्रसंग ते म्हातारपणीही सांगत. चौदा वर्षांचे असताना गावातले धर्मगुरू त्यांना घोडागाडीतून निराधारांच्या आश्रमाकडे घेऊन चालले होते. वाटेत ते म्हणाले की, माणसाने आपल्या सदसद्विवेकाला धरून राहावे, तो दुसऱ्या कोणाच्याही हाती देऊ नये. कोणाच्याही म्हणजे अगदी कोणाच्याही. पुढच्या सगळ्या आयुष्यावर या गाडीतल्या उपदेशाची छाया आहे. धर्मगुरूंनाच त्याची जाणीव होती की नाही, देव जाणे.

शाळा संपल्यावर त्यांनी थेट डॉक्टरकीची वाट धरली नाही. ते ग्वाटेमालात केळीच्या मळ्यांवर कंपनीचे हिशेब लिहायला गेले. मजुरांची तिथली पिळवणूक त्यांना बघवेना. मात्र कंपनीच्या इस्पितळातल्या एका डॉक्टरशी मैत्री झाली, शस्त्रक्रिया पाहायला मिळू लागल्या आणि आपल्याला काय व्हायचे आहे ते कळले. परत येऊन ते हार्वर्डमध्ये शिकले आणि १९१८ साली डॉक्टर झाले. १९२५ मध्ये ॲना थॉर्नडाइक यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पाच मुले झाली.

त्यांचे कामाचे ठिकाण होते ब्रुकलाइनमधले ‘फ्री हॉस्पिटल फॉर विमेन’. हे धर्मादाय रुग्णालय होते, येणाऱ्या बायका गरीब घरच्या. तिथल्या वंध्यत्वाच्या बाह्यरुग्ण विभागाची जबाबदारी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर लवकरच रॉक यांच्याकडे आली. हे नीट लक्षात ठेवायला हवे. ज्या माणसाचे नाव मूल न होण्याच्या गोळीशी जोडले गेले, त्याने आयुष्याचा मोठा भाग मूल होत नाही म्हणून रडणाऱ्या बायकांसाठी घालवला. त्या काळी या विषयात डॉक्टरांनाही फार थोडे ठाऊक होते. बीज महिन्यात नेमके केव्हा सुटते, याचा अंदाज जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी नुकता कुठे दिला होता. सुटलेल्या बीजाचे पुढचे काही दिवस काय होते, हे तर कोणी पाहिलेच नव्हते.

आणि दुसऱ्या दारातून येत होत्या त्या उलट तक्रारीच्या बायका. आठ-दहा बाळंतपणांनी खंगलेल्या, गर्भपिशवी खाली उतरलेल्या, आणखी एक मूल झाले तर जगतील की नाही अशी शंका असलेल्या. त्यांना काही सांगायची डॉक्टरला सोय नव्हती. मॅसॅच्युसेट्समध्ये १८७९ च्या कायद्यानुसार गर्भनिरोधनाचे साधन देणे, विकणे, त्याची माहिती देणे हा गुन्हा होता. त्याला तुरुंगवास आणि दंड होता. डॉक्टरांनाही सूट नव्हती. १९३७ साली सेलम गावातल्या अशा एका दवाखान्यावर पोलिसांची धाड पडली आणि पाठोपाठ राज्यातले बाकीचे दवाखानेही बंद झाले. कायद्यामागे बॉस्टनच्या कॅथलिक चर्चचे सारे वजन होते. पोप अकरावे पायस यांनी १९३० च्या अखेरीस कृत्रिम संततिनियमनाला पाप ठरवणारे फर्मान काढलेले होते.

त्यानंतर काही महिन्यांतच, १९३१ साली, बॉस्टनच्या १५ नामांकित डॉक्टरांनी हा कायदा रद्द करावा असा अर्ज केला. सह्या करणाऱ्यांत कॅथलिक एकच होता.

रॉक तेव्हा बंडखोर होते असे मात्र समजू नये. संततिनियमन हे गरज असलेल्या विवाहितांसाठी, हे त्यांचे मत होते. सशक्त, सुखवस्तू जोडप्याने उगाच मुले टाळावीत हे त्यांना मुळीच मान्य नव्हते, आणि १९४३ मध्ये त्यांनी तसे लिहिलेही. चर्चला मान्य असलेली पद्धत लोकांना नीट शिकवावी म्हणून १९३६ साली त्यांनी बॉस्टनमध्ये ‘सुरक्षित काळ’ शिकवणारे केंद्र काढले. अमेरिकेतले त्या प्रकारचे ते पहिले मानले जाते. बाईने पाळीच्या तारखा लिहायच्या, कागदावर आलेख काढायचा, त्यावरून बीज सुटण्याचे दिवस ओळखायचे. ज्यांची पाळी घड्याळासारखी आहे त्यांना हे जमे. बाकीच्यांना नाही. अनुभवाने रॉक यांना कळले की पद्धत धर्माच्या दृष्टीने निर्दोष असली तरी शरीराच्या दृष्टीने बेभरवशाची आहे.

चाळीसच्या दशकात त्यांनी हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना वर्गात गर्भनिरोधन शिकवायला सुरुवात केली. ज्या राज्यात ही माहिती पेशंटला देणे गुन्हा, तिथल्या महाविद्यालयात ती शिकवायची, ही गोष्ट आज वाटते तेवढी साधी नव्हती. १९४९ मध्ये त्यांनी पत्रकार डेव्हिड लॉथ यांच्यासोबत ‘व्हॉलंटरी पेरेंटहूड’ हे सर्वसामान्य वाचकांसाठीचे पुस्तक लिहिले. स्त्रीरोगतज्ज्ञाने आपल्या विषयाचे पांडित्य दवाखान्यातच न ठेवता चार लोकांना समजेल अशा भाषेत सांगावे, ही त्यांची सवय तेव्हापासूनची.

आता संशोधनाकडे वळू, कारण इथे रॉक यांचे मोठेपण आणि त्यांच्या काळाचा आंधळेपणा एकाच ठिकाणी दिसतो.

१९३८ ते १९५४ या काळात त्यांनी विकृतिशास्त्रज्ञ आर्थर हर्टिग यांच्यासोबत एक विलक्षण अभ्यास केला. आजारपणामुळे गर्भपिशवी काढावी लागणार आहे, अशा विवाहित बायका त्यांनी निवडल्या. त्यांना पाळीच्या आणि पतीशी संबंधाच्या तारखा लिहून ठेवायला सांगितले. शस्त्रक्रियेचा दिवस असा धरला की बीज सुटून थोडेच दिवस झालेले असावेत. मग काढलेल्या गर्भपिशवीत आणि नळ्यांत हर्टिग सूक्ष्मदर्शकाखाली फलित बीज शोधत. सुमारे २१० बायका झाल्या, ३४ फलित बीजे सापडली; सर्वांत लहान दोन दिवसांचे, सर्वांत मोठे सतरा दिवसांचे. माणसाच्या आयुष्याचे पहिले दोन आठवडे जगाला प्रथम दिसले ते या कामामुळे. त्यातली बरीच बीजे मुळातच सदोष होती. गर्भ राहिला न राहिला तोच निसर्ग अनेक गर्भ स्वतःहून सोडून देतो, हे आज आपण गर्भपात झालेल्या बाईला धीर देताना सांगतो. त्याचा एक भक्कम पुरावा इथला आहे.

पण त्या बायकांना काय सांगितले होते? शस्त्रक्रिया त्यांना हवीच होती, पैसे पडत नव्हते, डॉक्टर सज्जन होते. त्यांनी तारखा लिहिल्या. आपल्या पिशवीत काय शोधले जाणार आहे हे सगळ्यांना उलगडून सांगून लेखी संमती घ्यावी, असा प्रघातच तेव्हा नव्हता. आजच्या कोणत्याही नीतिमत्ता समितीपुढे हा अभ्यास पाच मिनिटेही टिकणार नाही.

याच रुग्णालयात दुसरे काम चालू होते ते मिरियम मेंकिन यांचे. या बाईंबद्दल जरा थांबून सांगितले पाहिजे. त्यांनी पीएच.डी.चा अभ्यास पुरा केला, पण पदवी कधी हाती पडली नाही. शुल्क भरायला पैसे नव्हते आणि नवऱ्याचे करिअर आधी होते. १९३८ मध्ये रॉक यांनी त्यांना मदतनीस म्हणून घेतले. काम असे: शस्त्रक्रियेत काढलेल्या अंडाशयाच्या तुकड्यातून बीज शोधायचे, दुसऱ्या दिवशी काचेच्या बशीत शुक्रजंतूंबरोबर ठेवायचे, मग वाट पाहायची. आठवड्यामागून आठवडे, सहा वर्षे हाच क्रम. एकदाही यश नाही. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्यांची आठ महिन्यांची मुलगी दात येत असल्याने रात्रभर जागवत होती. झोपेने डोळे मिटत असलेल्या मेंकिन यांनी त्या दिवशी शुक्रजंतू नेहमीइतक्या वेळा धुतले नाहीत, आणि बीजासोबत ते अर्ध्या तासाऐवजी तासभर राहिले. शुक्रवारी येऊन बघतात तो बीजाच्या दोन पेशी झालेल्या! त्या यशाचे आणखी नमुने मिळाले. एकूण १३८ बीजांवर प्रयत्न, त्यांतल्या चारांमध्ये पेशी विभागलेल्या दिसल्या. रॉक आणि मेंकिन यांचा लेख ऑगस्ट १९४४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. मानवी बीज शरीराबाहेर फलित झाल्याची ही पहिली नोंद. पुढच्या शास्त्रज्ञांनी त्यावर शंका घेतल्या, ते खरेच फलन होते का याची चर्चाही झाली. पण वाट दाखवली गेली होती.

लेख छापून आल्यावर नळ्या बंद असलेल्या बायकांची पत्रे रॉक यांच्याकडे येऊ लागली. त्यांना आशा दाखवण्यासारखे त्यांच्यापाशी काही नव्हते. मेंकिन नवऱ्याच्या बदलत्या नोकरीमागे दुसऱ्या राज्यात गेल्या आणि काम थांबले. इंग्लंडमध्ये ‘टेस्ट ट्यूब बेबी’ जन्मली १९७८ मध्ये, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून तसे बाळ जन्मले १९८६ साली. त्या बशीपासून केईएमपर्यंत बेचाळीस वर्षे लागली.

गोळीचा जन्मही वंध्यत्वाच्याच विभागात झाला. रॉक यांचा तर्क असा होता की काही बायकांचे गर्भाशय आणि नळ्या पुरेशा वाढलेल्या नसतात. गरोदरपणात ही इंद्रिये वाढतात. तेव्हा औषधाने खोटे गरोदरपण आणले तर? त्यांनी ८० बायकांना काही महिने इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दिले. औषध चालू असताना बीज सुटणे बंद झाले. थांबवल्यावर चार महिन्यांत १३ जणींना दिवस गेले. डॉक्टरांमध्ये याला ‘रॉक रिबाउंड’ असे नाव पडले. एक अडचण मात्र होती. पाळी बंद, मळमळ, छाती जड. या बायकांना वाटे, आपल्याला दिवसच गेले! मूल हवे म्हणून तळमळणाऱ्या बाईला, हे खोटे आहे, असे सांगणे डॉक्टरला जड जाई.

तेवढ्यात त्यांची गाठ जुने ओळखीचे शास्त्रज्ञ ग्रेगरी पिंकस यांच्याशी पडली. पिंकस सशांवर हाच प्रयोग उलट्या हेतूने करत होते. बीज सुटणे थांबते, म्हणजे गर्भधारणाही थांबते. त्यांच्यामागे दोन बायका होत्या. एक मार्गारेट सँगर, संततिनियमनाच्या चळवळीच्या अध्वर्यू, ज्या नोव्हेंबर १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेलाही आल्या होत्या. कुटुंबनियोजनाची जागतिक संघटना त्या परिषदेतच स्थापन झाली. दुसरी कॅथरिन मॅकॉर्मिक, जीवशास्त्राची पदवी घेतलेली श्रीमंत विधवा. सरकार किंवा मोठे औषध कारखाने या कामाला पैसा द्यायला धजत नव्हते. मॅकॉर्मिक यांनी जवळपास एकटीने खर्च उचलला. कॅथलिक डॉक्टरच्या हाती हे काम द्यायला सँगर सुरुवातीला नाखूश होत्या. मॅकॉर्मिक यांनी त्यांची समजूत घातली. चर्चला उत्तर द्यायचे तर चर्चमधलाच माणूस हवा, हे पुढे सगळ्यांनाच पटले.

पिंकस यांनीच सुचवले की औषध सलग न देता वीस दिवस द्यावे आणि मग थोडा खंड ठेवावा, म्हणजे पाळी येईल आणि दिवस गेल्याचा भ्रम राहणार नाही. रॉक यांना ही कल्पना आणखी एका कारणाने आवडली. महिन्याचा क्रम राहिला की उपाय नैसर्गिक वाटतो, आणि नैसर्गिक उपायाला चर्चची हरकत नसावी. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर हे. पाकिटातल्या त्या सात तपकिरी गोळ्यांत शरीरशास्त्र थोडे आहे, बाईच्या मनाचा विचार आहे आणि धर्मशास्त्र बरेच आहे.

१९५४ मध्ये रॉक यांनी नव्या कृत्रिम प्रोजेस्टिनची चाचणी ब्रुकलाइनमध्ये ५० बायकांवर केली. कायदा आड येत होता, म्हणून कागदोपत्री तो वंध्यत्वाचा अभ्यास होता. एकीच्याही अंडाशयातून बीज सुटले नाही. दरम्यान वूस्टर येथील मनोरुग्णालयातल्या रुग्णांनाही हे औषध दिले गेले. त्यांच्या संमतीचा तर प्रश्नच कोणी विचारला नाही. मोठी चाचणी घ्यायची तर मॅसॅच्युसेट्स सोडावे लागणार होते. पोर्तो रिको बेटावर असला कायदा नव्हता, दवाखान्यांचे जाळे होते आणि मुले नकोत असे म्हणणाऱ्या बायका हजारोंनी होत्या. एप्रिल १९५६ मध्ये रिओ पिएद्रास इथल्या नव्या वसाहतीत गोळ्या वाटायला सुरुवात झाली.

स्थानिक काम डॉ. एड्रिस राइस-रे या बाई पाहत होत्या. त्यांचा पहिला अहवाल अतिशय प्रामाणिक आहे. गोळी नीट घेतली तर दिवस राहत नाहीत, हे त्यांनी मान्य केले. पण १७ टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, ओकारी असे त्रास होत होते, आणि त्या मानाने ही गोळी सर्वत्र वापरण्याजोगी नाही, असेही त्यांनी लिहिले. पिंकस आणि रॉक यांनी हा भाग बाजूला सारला. बायकांना त्रास होईल असे आधी सांगितले म्हणून त्यांना त्रास वाटतो, असा त्यांचा ग्रह झाला. चाचणीच्या काळात तीन बायकांचा मृत्यू झाला आणि शवविच्छेदन झाले नाही, असे नंतरच्या इतिहासकारांनी नोंदवले आहे. त्या मृत्यूंचा गोळीशी संबंध होता की नव्हता, हे त्यामुळे कायमचे अंधारात राहिले. ज्या डॉक्टरने हजारो बायकांचे ऐकून घेतले, त्याने या बायकांचे ऐकले नाही, हा रॉक यांच्या चरित्रावरचा डाग आहे. तो काळ तसा होता, हे म्हणून तो पुसता येत नाही. राइस-रे यांनी त्याच काळात ते लिहिले होते.

पहिल्या गोळीत प्रोजेस्टिन जवळपास १० मिलिग्रॅम होते आणि इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम. गंमत अशी की इस्ट्रोजेन आधी कारखान्यातली भेसळ म्हणून आले होते. ते काढून टाकल्यावर मध्येच रक्तस्राव होऊ लागला, म्हणून ते मुद्दाम ठेवण्यात आले. आजच्या साध्या गोळीत, आपल्या ‘माला-एन’मध्येही, इस्ट्रोजेन ३० मायक्रोग्रॅम असते.

१९५७ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने ‘एनोविड’ला पाळीच्या तक्रारींसाठी परवानगी दिली. वेष्टनावर लिहिणे भाग होते की हे औषध घेताना बीज सुटत नाही. मग काय विचारता! दोन वर्षांत सुमारे पाच लाख अमेरिकी बायकांना एकाएकी पाळीच्या तक्रारी सुरू झाल्या.

गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळवायला रॉक १९५९ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनला गेले. वय ६९. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने या जगन्मान्य प्राध्यापकाला दीड तास ताटकळत ठेवले. मग आक्षेप काढायला सुरुवात केली, आणि शेवटी, कॅथलिक चर्च हे कधीच मान्य करणार नाही, असा मुद्दा मांडला. रॉक उठून उभे राहिले आणि त्यांनी त्या तरुणाला सुनावले की, माझ्या चर्चची किंमत एवढी कमी करू नकोस. मे १९६० मध्ये मान्यता जाहीर झाली. १९६५ पर्यंत साठ लाखांहून अधिक अमेरिकी बायका गोळी घेत होत्या.

चर्चला पटवणे हेच आता रॉक यांचे काम झाले. त्यांचा युक्तिवाद डॉक्टरचा होता. प्रोजेस्टेरॉन हे बाईचे शरीर स्वतःच बनवते. गरोदरपणी आणि पाळीच्या उत्तरार्धात निसर्ग त्याच हार्मोनने बीज सुटणे थांबवतो. पोपना सुरक्षित काळ मान्य आहे. मग त्याच हार्मोनने तो काळ लांबवला तर त्यात पाप कसले? गोळी ना बीज मारते, ना इंद्रियांना इजा करते. १९६३ मध्ये त्यांनी ‘द टाइम हॅज कम’ हे पुस्तक काढले आणि सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ देशभर व्याख्याने देत, दूरचित्रवाणीवर बोलत फिरू लागला. सामान्य कॅथलिक बायकांनी गोळी घ्यावी की नाही ही घालमेल पहिल्यांदा उघडपणे बोलून दाखवली ती याच काळात. शिव्यांची पत्रेही आली. एका बाईंनी त्यांना लिहिले की, तुम्हाला परमेश्वरासमोर उभे राहायची भीती वाटायला हवी. रॉक यांनी शांतपणे कळवले की, देव सदैव आपल्यासोबत असतो असेच मला शिकवले आहे. तेव्हा वेळ येईल तेव्हा ओळख करून द्यायची गरज पडणार नाही.

काही काळ वाटत होते की ते जिंकणार. पोप तेविसावे जॉन यांनी या प्रश्नावर आयोग नेमला, सहावे पॉल यांनी तो वाढवला. १९६६ मध्ये आयोगातल्या बहुमताने विवाहितांना संततिनियमनाची मुभा असावी असा कौल दिला. दोन वर्षे शांतता. मग जुलै १९६८ मध्ये पोपचे ‘ह्युमाने व्हिटे’ हे पत्रक आले: सुरक्षित काळ सोडून सर्व उपाय निषिद्ध. गोळीसुद्धा.

त्याच सुमारास दुसरी आघाडी उघडली होती. गोळी घेणाऱ्या तरुण बायकांच्या पायांत आणि फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या होत असल्याची पत्रे १९६१ पासून वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागली होती. १९६८ च्या सुमारास ब्रिटिश संशोधकांनी आकड्यांनी संबंध दाखवून दिला आणि १९६९ च्या अखेरीस तिथल्या औषध-सुरक्षा समितीने इस्ट्रोजेन ५० मायक्रोग्रॅमच्या वर नको असे सांगितले. १९७० मध्ये अमेरिकी सिनेटच्या सुनावणीत बायकांनी उठून विचारले की, आम्हाला हे आधी का सांगितले नाही? त्यानंतर पाकिटात धोक्यांची माहिती देणारी चिठ्ठी आली. पेशंटसाठी छापलेली ती चिठ्ठी आज आपण उघडूनही बघत नाही, पण ती या बायकांनी भांडून मिळवलेली आहे. रॉक मात्र बराच काळ गोळी निर्धोक असल्याचीच बाजू मांडत राहिले.

इथे कामाचे दोन शब्द. आजच्या कमी मात्रेच्या गोळीत गुठळीचा धोका थोडा आहे, पण शून्य नाही. पस्तिशीनंतर धूम्रपान किंवा तंबाखूची सवय, उच्च रक्तदाब, डोळ्यांपुढे चमक येऊन होणारी अर्धशिशी, पूर्वी झालेली गुठळी, नुकते झालेले बाळंतपण. यांपैकी काही असेल तर ही गोळी मैत्रिणीच्या सांगण्यावरून सुरू करू नये, आधी डॉक्टरांना दाखवावे. गोळी चालू असताना एका पोटरीला सूज आणि दुखणे, छातीत कळ किंवा दम लागणे, असे झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पोपच्या निर्णयानंतरचे रॉक वेगळे आहेत. पत्नी १९६१ मध्येच गेल्या होत्या. हार्वर्डमधून निवृत्त झाल्यावर चालवलेला स्वतःचा दवाखाना त्यांनी सोडला. गोळीतून कंपनीने अफाट पैसा मिळवला. रॉक यांच्याकडे ना समभाग होते, ना स्वामित्वधन. न्यू हॅम्पशरमधल्या टेंपल नावाच्या खेड्यात, झाडीतल्या साध्या घरात ते राहायला गेले. घराजवळच्या ओढ्यात पोहत, संगीत ऐकत. रोज सकाळची मिस्सा सुटली. मृत्यूच्या आदल्या वर्षी भेटायला आलेल्या एका लेखिकेला त्यांनी सांगितले की, आता चर्चमध्ये क्वचितच जातो, आणि स्वर्ग-नरकावरही विश्वास उरलेला नाही.

४ डिसेंबर १९८४ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, जवळच्या पीटरबरो गावी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.